बोंड फोडून पाहजो

वडनेर भोलजी
१६ जुलै २०१७, रविवार

पुष्पे,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तू फोन उचलत नाही म्हणून कागद लिहून राह्यली. फोन तुले बंद करता येते, कागद बंद करता येत नाही. फाडशील तर फाड. तुकडे जोडून वाचशीलच. माह्याच पोटची आहेस, मले माहीत आहे.

मी दुसरीपर्यंत शिकली, तेबी अर्धी. पुढचं वाचणं-लिहिणं अंबूबाईनं योहानाच्या शुभवर्तमानातून शिकवलं. म्हणून मधात मधात पुस्तकासारखं लिहिणं येईल. हॉस्टेलातल्या पोरीईले वाचून दाखवून हसू नको.

घरचं बरं आहे. कापसाची पेरणी झाली, पऱ्हाटी वीतभर वर आली. तुह्या बाबाची तब्येत चांगली आहे. फक्त तोंड बंद आहे. चर्चच्या मेळाव्यापासून माह्याशी बोलत नाहीत. पाणी पाहिजे असलं का म्हशीले सांगतात, "आज लय गरम होऊन राह्यलं व." मी समजून तांब्या ठेवते. म्हैस बिचारी घाबरून गेली आहे, तिच्याशी एवढं कधी कोणी बोललं नव्हतं.

आता मेळाव्याचं. तू तिथंच होती, पण तुही मान खाली होती. मी डोळे उघडे ठेवून प्रार्थना करते. अंबूबाई रागवायची त्यावरून, पण कामाले आलं.

बाहेरगावून आलेल्या ब्रदर राजकुमारनं आधी सगळ्याईच्या वावरात अभिषेकाचं तेल शिंपडलं. म्हणे, परमेश्वराचा आवाज मले आला, या वावराईले यंदा अळी शिवणार नाही. मंडळी आमेन म्हणाली. मीबी म्हणाली, खोटं काऊन सांगू. अळी कोणाले पाहिजे असते? मग तो चर्चमधी आला अन् तुह्या डोक्यावर हात ठेवला. म्हणे, "आवाज येत आहे. ही कन्या माझ्या पुतण्याच्या घरची आहे असं प्रभू म्हणतो. जो कोणी अडवील त्याच्या घरावरचं छत्र निघून जाईल."

पुतण्या तिसऱ्या रांगेत बसला होता. कडक इस्त्रीचा सदरा, केसाले तेल. आवाज येणार हे त्याले सकाळपासूनच माहीत असावं.

मी उठली. तुले त्याचीच लाज वाटली ना? मी म्हणाली, "भाऊ, हे कोणत्या वचनात आहे?"

तो म्हणे, "ताई, हे वचनाच्या पलीकडचं आहे. थेट आहे."

"मंग थेट मलेबी येऊ द्या. माय मी हाये. पोरीलेबी येऊ द्या, नवरी ते हाये. तुम्ही तं नुसते काका, तेबी पोराचे."

बायका पदरात हसल्या. तुह्या बाबानं कपाळ धरलं. अन् तू उठून गेली. जेवली नाही, दुसऱ्या दिवशी नांदुऱ्यावरून पुण्याची गाडी धरली. मी बांधून दिलेल्या भाकरी चुलीपाशीच राहिल्या.

परवा तू बाबाले फोन केला ते मी दाराआडून ऐकलं. ते स्पीकर लावतात अन् वरून ओरडून बोलतात, न ऐकून कसं चालते? तू म्हणाली, "बाबा, मुलगा मला माहीतसुद्धा नाही. पण देवाच्या आवाजाला नाही म्हणायची मला भीती वाटते." बाबा म्हणाले, नाताळ झाला का साखरपुडा करून टाकू. तू हो म्हणाली नाही अन् नाहीबी म्हणाली नाही.

तुह्या भीतीपायीच हा कागद आहे. पोरगा कसाबी असू दे, मले त्याचं काही नाही. भीतीनं बोहल्यावर चढलेली बाई जन्मभर भीतीच रांधते. मी पाहिल्या आहेत तशा.

शमुवेल लहान होता. देवाले त्याच्याशी बोलायचं होतं तर देवानं शमुवेलालेच हाक मारली. शेजारच्या काकाले नाही म्हटलं, का जा बा, त्या पोराले सांगून ये. एली म्हातारा एवढा मोठा याजक, पण त्यानंबी पोराले म्हटलं, जा, पडून राह्य, पुन्हा हाक आली तर तूच उत्तर दे. एवढं तुले रविवारच्या शाळेत मीच शिकवलं होतं. तू गाणं म्हणत होती त्याचं.

बाकी बरं. दुसरबीडच्या शालूबाईचा पोरगा कृषी केंद्रात लागला. सहज सांगितलं.

तुही माय,
सिंधू

*

वडनेर भोलजी
१० सप्टेंबर २०१७, रविवार

पुष्पे,

सलाम. उत्तर आलं नाही. मले घाई असते हे तुले माहीत आहे, तरी मी थांबली. आता नाही थांबत.

पऱ्हाटी छातीएवढी झाली. रस्त्यानं जाणारा थांबून पाहते असं वावर आहे. पण बुधवारी भाकर घेऊन गेली तर मले डोमकळी दिसली. तुले आठवते ना, फूल उमलत नाही, पाकळ्या एकमेकीले चिकटून गुलाबाच्या कळीवानी गच्च मिटून बसते. दिसाले लय सुंदर. आत गुलाबी अळी.

मी बाबाले म्हणाली, "अवो, डोमकळ्या पडल्या. बोंडं फोडून पाहू."

म्हशीकडं पाहून म्हणाले, "तेल लागलेलं वावर हाये. फोडून पाहणं म्हणजे अविश्वास."

असं सारी मंडळीच म्हणून राह्यली. आपल्या चर्चच्या एकाही घरानं अळीच्या पतंगाचे सापळे लावले नाहीत यंदा. ज्याच्या वावरावर तेल शिंपडलं तो बोंडाले हात लावत नाही. लोक दारूनं आळशी होतात हे पाहिलं होतं. आमेन म्हणून आळशी झालेले यंदा पाहिले.

मी फोडलं. बाबा जेवाले बसले होते, त्याईच्या समोरच अंगठ्यानं दाबून फोडलं. वरून काय बोंड होतं, हिरवंगार, गच्च, डाग नाही. आत सरकी पोखरलेली अन् अळी आरामात बसलेली, जशी काही माहेरी आली. बाबानं पाहिलं अन् दुसरीकडं तोंड करून ठेचा खाल्ला.

पुष्पे, हेच तुले सांगायचं आहे. योहानानं आपल्या पत्रात लिहिलं का जो जो आत्मा येईल त्याच्यावर विश्वास ठेवू नका, पारखून घ्या. पारखणं म्हणजे अविश्वास असता तर योहान कशाले सांगता? ज्यानं अळी बनवली त्यानंच अंगठा बनवला.

अंबूबाईचं तुले पुरं सांगितलं नाही कधी. ते बायबलबाई होती, पायी गावोगाव फिरून बायकाईले वाचाले शिकवायची. मी नवी नवरी, चुलीपुढं बसलेली. तिनं माहं बोट धरलं अन् शब्दावर ठेवलं. म्हणे, "सिंधू, देवाचा आवाज ऐकायचा तर कान मागून. आधी बोट ठेव." सहा महिने एकच पान. सासू म्हणायची, हिले काय मुंगी दिसते का कागदावर. मग एक दिवस बोटाखालून आवाज आला. खरंच आला. विहिरीवरची शोमरोनी बाई, तिले येशू म्हणते, मले पाणी दे. मले वाटलं माह्याच विहिरीवर बोलून राह्यला. मी घागर घेऊन उठलीबी होती.

लोक उपास करतात, डोंगरावर जातात, चारचाकीत फिरतात आवाजासाठी. मी दुसरी अर्धी शिकून चुलीपाशी ऐकला. मले त्याचा गर्व आहे. गर्व वाईट म्हणतात. असू दे, तेवढा एक राहू दे मले.

मंग मी अंबूबाईले विचारलं होतं, उद्या कोणी म्हणालं मले देवाचा आवाज आला, तर खरा का खोटा कसं ओळखू? ते म्हणे, "त्याच्या तोंडाकडं पाहू नको. येशूच्या तोंडाकडं पाह्य. देवाले जे बोलायचं ते त्यानं आपल्या लेकाच्या तोंडून बोलून टाकलं. लेक असं बोलला असता का, एवढंच पाह्य."

तर पाह्य तू. यरीहोच्या रस्त्यावर आंधळा बसला होता. आंधळ्याले काय पाहिजे हे शेंबड्या पोरालेबी कळते. तरी येशूनं त्याले विचारलं, तुह्यासाठी मी काय करू? देवाच्या लेकानं आंधळ्या भिकाऱ्यालेबी विचारलं. अन् या राजकुमारनं तुह्या डोक्यावर हात ठेवून तुले विचारलं का? येशूचा आवाज असता तर आधी विचारता.

मी हे चांगलं लिहिलं. दोनदा वाचून पाहिलं.

शालूबाईच्या पोरानं फोनवर सांगितलं का डोमकळी दिसली का तोडून जाळा. मी रोज तोडून राह्यली. हुशार पोरगा आहे. देवभीरूबी आहे.

तुही माय,
सिंधू

*

वडनेर भोलजी
१२ नोव्हेंबर २०१७, रविवार

पुष्पे,

सलाम. आजचं आजच लिहिते, नाही तर पोट दुखेल.

सारी पऱ्हाटी गेली. आपली, चर्चवाल्याईची, सगळ्या शिवाराची. बोंड फुटते तर कापूस पांढरा नाही, पिवळी कवडी. वेचाले बाया येत नाहीत, बोटं दुखतात अन् टोपलं भरत नाही.

आज ब्रदर राजकुमार आला. मले वाटलं हा माणूस तेलाचं काहीतरी बोलन. तो उभा राहिला अन् म्हणे, "प्रभूने मला कारण दाखवलं. एका बाईच्या हट्टामुळे या मंडळीवरचं छत्र निघालं." नाव घेतलं नाही. पण सगळ्याईच्या माना अशा फिरल्या जशा वाऱ्यानं ज्वारी. मी आजकाल मागच्या बाकावर बसते, म्हणून त्याईले चांगलंच वळावं लागलं.

मागं काऊन बसते ते विचारू नको.

मले हे होणार माहीत होतं. मी पदरात बोंडं बांधून नेली होती. पुढं गेली अन् प्रभुभोजनाच्या मेजावर नाही, त्याच्या बाजूच्या स्टुलावर ओतली. मेजाचा मान मले कळते.

मी म्हणाली, "हे बोंडं आमच्या वावरातले. अन् हे रहेमतुल्लाभाईच्या वावरातले. धुऱ्याले धुरा आहे आमचा, मधात एकच बांध. त्याच्या वावरात ना तेल, ना छत्र, ना पुतण्या. त्याच्या पोरीचं लग्न तं परसालच झालं, सुखानं. मंग त्याच्या बोंडात अळी कोणाच्या हट्टानं शिरली?"

राजकुमार म्हणे, "ताई, देवाच्या सेवकाशी असं बोलू नये."

"मी बोंडाशी बोलून राह्यली. तुम्ही मधात आले."

मागून कोणीतरी फसकन हसलं. पाळक उठले, गाणं सांगितलं, अन् माह्या बोंडाईवर गाणं झालं. पण जाताना तीन बाया माह्याजवळ आल्या. एकीनं हळूच विचारलं, "वहिनी, ते पारखायचं वचन कुठं हाये व?" मी काढून दिलं अन् तिचं बोट धरून त्यावर ठेवलं. अंबूबाईनं हे पाह्यलं पाहिजे होतं.

दुपारी रहेमतुल्लाभाई धुऱ्यावर भेटला. त्याले कळलंच होतं. म्हणे, "भाभी, आमचे बोंडं चर्चमधी गेले म्हणते. पुण्य लागन का त्याईले?" मी म्हणाली, "आधी अळी काढ, मंग पुण्याचं पाहू."

अन् तुह्या बाबाचं सांगते. उपासना झाल्यावर घरी आलेच नाहीत. मी पाहाले गेली तर वावरात, पऱ्हाटीच्या दोन ओळीच्या मधात उभे. एकेक बोंड तोडत होते, अंगठ्यानं फोडत होते, टाकत होते. मी धुऱ्यावर टेकली. लय वेळानं त्याईनंच पाहिलं. म्हणाले, "कवडी झाली व सारी."

मले म्हणाले. म्हशीले नाही.

मग घरी येईस्तोवर एकच बोलले, "मी त्याले साखरपुड्याचा शब्द देऊन बसलो, सिंधू. आता पोरीचं तूच ठरव." मी म्हणाली, ठरवायचं काय त्यात, माहं ठरलंच आहे.

तर तू काळजी करू नको. हे मोडलं असं समज. अन् नाताळाले शालूबाई अन् तिचा पोरगा आपल्याकडं जेवाले येणार आहेत. मी बोलावलं. प्रार्थना करून बोलावलं, अन् माह्या मनाले शांती आहे, म्हणजे देवाचीच इच्छा दिसते. तू सुट्टी काढून ये. निळी साडी आण.

तुही माय,
सिंधू

*

वडनेर भोलजी
१७ डिसेंबर २०१७, रविवार

पुष्पे,

सलाम. तू बाबाले फोन करून सांगितलं का नाताळाले येत नाही. मले सांगाले म्हणाली नाही. ठीक आहे.

वावरात मेंढ्या बसवल्या. पडलेल्या बोंडाईतल्या अळ्या संपतात म्हणून यंदा कृषीवाल्यानंबी सांगितलं होतं. किसनराव धनगर आला, दरसाली येते तो. मी धुऱ्यावर चहा मांडला. किसनराव चहा घेऊन बसला तशा मेंढ्या सरकत सरकत रहेमतुल्लाभाईनं पऱ्हाटी मोडून पेरलेल्या हरभऱ्याकडं निघाल्या. तो तिकडून ओरडला, "भाभी, हरभरा गेला ना माहा."

तुले माहीत आहे मी नकला कशा करते. पाळकाची करते, तुह्या आजीची करते. किसनरावची हाक मी दरसाल ऐकते. मी उभी राहिली अन् हुबेहूब हाक काढली. तीच हुर्र, तीच शेवटची लांबण. रहेमतुल्लाभाई किसनरावकडं पाहाले लागला का हाच बोलला काय.

एक मेंढी नाही वळली. एकीनं डोकं वर केलं, माह्याकडं पाहिलं अन् परत हरभऱ्यात घातलं. मी पुन्हा काढली. तिसऱ्यांदा काढली. घसा बसला.

मंग किसनरावनं तोंडात चहा असताना अर्धी हाक मारली. नीट हाकबी नाही, घशातल्या घशात. सगळा कळप वळला.

मले लय राग आला. मी म्हणाली, "काहो किसनराव, मीबी तेच म्हणाली ना?"

तो म्हणे, "ताई, तुमचा आवाज माह्याहून बरा हाये. पण मेंढ्याईले मीच लागतो." अन् हसाले लागला. रहेमतुल्लाभाईबी हसला. मी दोघाईचे कप उचलून आणले, दुसरा चहा दिला नाही.

घरी येऊन योहानाचा दहावा अध्याय काढला. शंभर वेळा वाचला आहे. मेंढरं त्याची वाणी ओळखतात अन् परक्याच्या मागं जात नाहीत. आतापर्यंत मी वाचत होती तर परका म्हणजे राजकुमार होता. आज बोट ठेवलं अन् बोट हलेना.

राजकुमार म्हणाला देव म्हणते पुतण्या. मी म्हणाली देव म्हणते दुसरबीड. त्यानं तेल लावलं, मी शांती लावली. माही नक्कल त्याच्याहून बरी होती, एवढाच फरक.

पूर्ण लिहीत नाही, तू समजून घे.

शालूबाईले फोन केला का नाताळाले येऊ नका. तिनं काऊन म्हणून विचारलं. मी म्हणाली मेंढ्यामुळं. तिले वाटलं असन माहं डोकं फिरलं.

आंधळ्याची गोष्ट मीच तुले लिहिली होती. दोनदा वाचून खुशबी झाली होती. पण तेवढी एक गोष्ट मीबी विचारली नाही. आता विचारते.

पुष्पे, तुले काय पाहिजे?

पुढं लिहीत नाही. लिहिलं तर मधात कोणतं तरी गाव येईल.

सिंधू

*

वडनेर भोलजी
७ जानेवारी २०१८, रविवार

प्रिय पुष्पांजली,

प्रभूच्या नावात सलाम.

तुहं पत्र शुक्रवारी भेटलं. पोस्टमननं अंगणात हाक मारली तर मी धुणं टाकून पळाली, साबणाचा हात तसाच. कोपरा ओला झाला आहे, ते रडण्याचं नाही. साबणाचं आहे.

बाबाले मोठ्यानं वाचून दाखवलं. त्याईनं तुहं ते पहिलं पुन्हा वाचाले लावलं, का तू हॉस्टेलात शुभवर्तमान काढून, बोट ठेवून, पहिल्या पानापासून वाचलं. "आई, एवढी शिकूनही मी बोट ठेवलं, कारण तुझं बघत मोठी झाले." हे वाक्य मी चारदा वाचलं. बाबा म्हणाले, "पुढं चाल व, पाठ करून राह्यली का?" हाव, पाठ केलं.

तू लिहिलं का राजकुमारले तू स्वतःच फोन केला. माह्यासारखी ओरडली नाही, हे वाचून जरा वाईटच वाटलं. तू म्हणाली, मी वाचून पाहिलं, येशू कोणालाही भीती दाखवून बोलावत नाही, म्हणून तुमचा आवाज मला ओळखीचा वाटत नाही, माझं उत्तर नाही आहे. तो म्हणाला छत्र जाईल. तू म्हणाली, जाऊ द्या, मी उन्हातान्हातली आहे.

पुष्पे, हे मले सुचलं नसतं.

अन् खाली तू लिहिलं का दुसरबीडलेबी नाही. ठीक आहे. वाचून मी उठून भाजी हलवून आली, मंग बसली. पोरगा चांगला होता. आता एकदा लिहिलं, पुन्हा लिहिणार नाही.

मी विचारलं तुले काय पाहिजे, तर तू लिहिलं, "अजून माहीत नाही, आई. ऐकत आहे. पण आता भीती वाटत नाही." मले असली उत्तरं आवडत नाहीत. मले आज पेरलं का उद्या बोंड पाहिजे. पण शमुवेलले जा, पडून राह्य म्हणणारा एलीबी म्हातारा होता, त्यालेबी झोप आली नसन. मी थांबते. तू आरामात ऐक.

चर्चमधी आज मी पुढच्या बाकावर बसली. कोणी बसवलं नाही, आपली आपण बसली. ज्या बाईले वचन काढून दिलं होतं ते बाजूले येऊन बसली, शुभवर्तमान घेऊन, बोट अजून पहिल्याच ओळीवर. राजकुमार आला नाही. दुसऱ्या गावात आवाज येत असन.

पऱ्हाट्या उपटून जाळल्या, वावर साफ झालं. बाबा म्हणतात पुढच्या साली सापळे आधी लावू, प्रार्थनाबी करू अन् बोंडबी फोडून पाहू. मी म्हणाली, हे मी भादव्यात म्हटलं होतं. ते म्हशीकडं पाहाले लागले.

उपासना झाल्यावर साऱ्या बाया दाराशी जमल्या. "वहिनी, पुष्पाचं काय ठरलं मंग? देवानं काय सांगितलं?"

मी चप्पल पायात घातली अन् म्हणाली, "देवाले विचारा नाही तं पुष्पाले विचारा. त्या दोघाईचं बोलणं सुरू हाये. मले काऊन विचारता?"

अन् मान वर करून, साऱ्याईच्या मधातून घरी आली.

तुही माय,
सिंधू

ता.क. फोन उचलत जाजो. मी काही सांगणार नाही, फक्त विचारीन जेवली का.